हजेरी लागली, बोलणं राहिलं

छावणीतल्या स्टेशन कमांडर साहेबांना, युनिटच्या कमांडिंग ऑफिसर, म्हणजे सीओ साहेबांना आणि वेल्फेअर चालवणाऱ्या सगळ्या मॅडमना,

जय हिंद.

मागच्या वर्षी आमचे हे पेन्शनला आले. २४ वर्षं सर्व्हिस, हवालदार. हे पत्र त्याआधी लिहिणं मला जमलं नसतं. फौजेत बायकोनं पत्र लिहिलं तर ते कुणाच्या बायकोनं लिहिलं हे संध्याकाळच्या रोल कॉलपर्यंत सगळ्या पलटणीला कळलेलं असतं, आणि रोल कॉलला उभी ती नसते, तिचा नवरा असतो. आता आमच्या घरात रोल कॉल नाही. सकाळी दूध घालायला डेअरीवर जायचं असतं तेवढंच. म्हणून लिहिते. युनिटचं नाव, स्टेशनचं नाव लिहीत नाही. ते साहेब, त्या मॅडम आता दुसरीकडं गेले असतील. पण त्यांच्या जागी जे आले आहेत त्यांनी हे वाचावं असं वाटतं.

सिव्हिलमधल्या वाचकांसाठी एक गोष्ट आधी सांगते. फौजेत बायकोला ‘फॅमिली’ म्हणतात. ‘तुमची फॅमिली आली का?’ असं विचारलं तर ते पोराबाळांबद्दल नसतं, एका बाईबद्दल असतं. आमचं लग्न वैशाखात झालं, पण फौजेच्या हिशेबानं ते आश्विनात झालं, कारण जवानाच्या घरचा बदल सरकारी नोंदीत चढवणारी पार्ट टू ऑर्डर तेव्हा निघाली. त्या ऑर्डरमध्ये नाव चढल्याशिवाय बायको ही बायको नाही. क्वार्टर नाही, डिपेंडंट कार्ड नाही, एमआय रूमची, म्हणजे युनिटच्या दवाखान्याची, गोळीसुद्धा नाही. पुढं प्रत्येक बाळंतपणाला तेच. आमची धाकटी कागदावर दोन महिन्यांनी जन्मली. याबद्दल तक्रार नाही. एवढी मोठी फौज कागदावरच चालणार. पण जे कागदावर येत नाही, म्हणजे जवानाच्या आणि त्याच्या बायकोच्या मनाचं दुखणं, त्याचं काय करायचं हे २४ वर्षांत मला कुणी सांगितलं नाही, आणि पत्र त्याबद्दल आहे.

फौजेनं आम्हाला दिलं ते नाकारत नाही. कॅन्टीनमधलं तेल-साबण सोडा, ते सगळ्यांना दिसतं. माझी मोठी मुलगी चार राज्यांतल्या चार शाळांत शिकली आणि कुठंही तिचं वर्ष बुडालं नाही. माझ्या सासऱ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मिलिटरी हॉस्पिटलात झालं, वॉर्डातल्या नर्सिंगच्या कॅप्टन मॅडम त्यांना ‘बाबा’ म्हणायच्या. सासरे गावात वर्षभर तेच सांगत होते, डोळ्याचं नाही, कॅप्टननं बाबा म्हटल्याचं. गावाकडं माझ्या वयाच्या बायका दवाखान्याच्या पायरीवर नवऱ्याच्या खिशाकडं बघत बसतात, ती पाळी माझ्यावर आली नाही. हे सगळं मान्य करून पुढचं लिहिते.

आमच्या स्टेशनात गुरुवारी वेल्फेअर असायचं, म्हणजे सगळ्या फॅमिलींची बैठक. चार वाजता. साडेतीनला कंपनीचा एक जवान नॉमिनल रोल, म्हणजे नावांची यादी घेऊन सेंटरच्या दारात उभा. नावापुढं सही करायची, आत जायचं. पुढं सोफे, त्यावर ऑफिसर्सच्या मॅडम. मागं गादीच्या खुर्च्या, तिथं जेसीओ, म्हणजे सुभेदार वगैरे साहेबांच्या मेमसाब. त्यामागं प्लास्टिकच्या खुर्च्या, तिथं आम्ही. कुणी असं बसा म्हणून सांगायचं नाही, आणि कुणी चुकायचंही नाही. ज्या गुरुवारी गेले नाही त्या संध्याकाळी कंपनी हवालदार मेजर ह्यांना विचारायचे, ‘क्यों भाई, फॅमिली वेल्फेअर में नहीं आई?’ एकदा मला ताप होता. ह्यांनी ‘ताप आहे’ सांगितलं तर ‘एमआय रूमची चिठ्ठी?’ असं विचारणं झालं. मग शंभर ताप अंगात घेऊन मी पुढच्या गुरुवारी गेले आणि ‘पौष्टिक आहार’ ऐकून आले.

वेल्फेअरचं कार्यक्रमाचं अंग तर विचारूच नका. मोठ्या मॅडमची व्हिजिट आली की तीन आठवडे रिहर्सल. मी मराठी, म्हणून मला कोळीनृत्य. मी वाळवा तालुक्यातली, आमच्याकडं ऊस आणि कृष्णा, समुद्र मी आयुष्यात दोनदा पाहिला. पण टोपली डोक्यावर घेऊन कोळीनृत्य मी पाच स्टेशनांत केलं. पंजाबच्या भाभीला गिद्धा, आसामच्या भाभीला बिहू. तिला बिहू खरंच यायचा, मला कोळीनृत्य यायचं नाही, फरक इतकाच. तीन आठवडे पोरं शाळेतून येऊन पायऱ्यांवर बसायची. व्हिजिटच्या दिवशी मोठ्या मॅडम प्रत्येकीला विचारायच्या, ‘सब ठीक है? कोई प्रॉब्लम?’ आणि आम्ही एका सुरात, ‘नहीं मॅडम, सब बढ़िया.’ उत्तराचीही रिहर्सल झालेली असायची, हे त्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

संस्थेवर माझा राग नाही. वेल्फेअर चालवणाऱ्या आवाची, म्हणजे आर्मी वाइव्हज वेल्फेअर असोसिएशनची, नोंदणी २३ ऑगस्ट १९६६ ला झाली. एक युद्ध नुकतंच होऊन गेलेलं, चार वर्षांपूर्वीचं चीनचं युद्ध लोक विसरलेले नव्हते. विधवा झालेल्या, लहान पोरं पदरात असलेल्या बायका होत्या. त्यांच्यासाठी कुणीतरी उभं राहायचं म्हणून ते काम सुरू झालं. आजही वीरनारींच्या कागदपत्रांसाठी, शिलाई मशीनसाठी, पोरांच्या स्कॉलरशिपसाठी धडपडणाऱ्या मॅडम मी पाहिल्या आहेत. माझं म्हणणं एवढंच की एका स्टेशनात, एका युनिटमध्ये, जे मदतीसाठी होतं ते हजेरीसाठी झालं. आणि मी इतर स्टेशनांतल्या भाभींशी बोलते तेव्हा त्या हसून म्हणतात, ‘आमच्याकडं बुधवारी असतं.’

त्या स्टेशनात आमच्या ब्लॉकला शेजारी एक मुलगी आली. मदुराईकडची. बावीस वर्षांची, पाच महिन्यांचं बाळ. नवरा ग्लेशिअरवर, बर्फातल्या चौकीत. हिंदीतले तिला चार शब्द यायचे: पानी, दूध, डॉक्टर, ठीक. मला तमिळ शून्य. पण भाषा नसली तरी दोरी असते. शेजारणीचं घर कसं चाललंय हे कपड्यांच्या दोरीवरून कळतं. बाळाचे लंगोट रोज सकाळी वाळत पडायचे. एकदा तेच लंगोट तिसऱ्या दिवशीही दोरीवर होते. पाऊस येऊन गेला, वाळले, परत भिजले. मी दार वाजवलं. बाळ पाळण्यात रडून रडून थकलेलं, आणि ही स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेली, गॅस बंद, डोळे उघडे. मी तिच्या समोर बसले तरी तिनं मान वळवली नाही.

त्याआधी ती सहा वेळा एमआय रूमला जाऊन आली होती, हे नंतर कळलं. डोकं दुखतं म्हणून. सहाही वेळा डोकेदुखीची गोळी. डॉक्टरांना दोष देत नाही, बाहेर चाळीस जणांची रांग असते, आणि ‘डोकं दुखतं’ यापलीकडं सांगायला तिच्याजवळ शब्द नव्हते.

मी तिला वेल्फेअर सेंटरला घेऊन गेले. मीच नेलं, हे लिहायला हवं. तिथं महिन्यातून एकदा काउन्सेलर मॅडम यायच्या. चांगल्या होत्या, मायाळू. पण त्यांना तमिळ येत नव्हतं. मग कुणाला तरी बोलावलं, दुसऱ्या कंपनीतल्या एका क्लार्कच्या फॅमिलीला, तिला तमिळ येत होतं. अर्धा तास त्या तिघी आत होत्या. बाहेर आली तेव्हा ती पोर पहिल्यांदा मोकळं रडली होती, मला बरं वाटलं. काय बोलली ते मला त्या दिवशी माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी दुधाच्या रांगेत माहीत झालं. तिला बाळाला हात लावावासा वाटत नाही, असं ती म्हणाली होती. रांगेतल्या एकीनं ते ‘बाळाला मारते’ असं सांगितलं. चौथ्या दिवशी रिअरमधून, म्हणजे मागं छावणीत राहिलेल्या युनिटच्या ऑफिसातून, वर निरोप गेला, आणि नवऱ्याला त्याच्या सिनिअरनं बोलावून सांगितलं, ‘आधी घर सांभाळ.’ १८ हजार फुटांवर बसलेल्या माणसानं घर कसं सांभाळायचं हे तो सिनिअर सांगू शकला नसणार. नवऱ्याचा फोन आला. त्यानं तिला एकच विचारलं: ‘तू तिथं जाऊन काय बोललीस?’

त्यानंतर ती एकही गुरुवार चुकली नाही. रोलवर सही करायची, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची, टाळ्या वाजवायची. ‘ठीक’ हा शब्द तिला आधीच येत होता.

बाळंतपणानंतर बाईचं मन असं बसतं, हा आजार आहे, त्याला औषध आहे आणि बहुतेक जणी बऱ्या होतात, हे मला दोन वर्षांनी कळलं, तेही एका सिव्हिल दवाखान्यातल्या भिंतीवरच्या तक्त्यावरून. आमच्याकडं ‘तणावमुक्त जीवन’ या विषयावर स्लाइडा दाखवून तीन लेक्चरं झाली होती. त्यात दीर्घ श्वास होता, सूर्योदय होता, फुलपाखरूही होतं. हे नव्हतं.

आता दुसरी गोष्ट, म्हणजे तुम्हाला वाटू नये की ह्या बाईला फक्त वाईटच दिसतं.

ऑगस्ट २०१९. हे काश्मीरमध्ये. ५ तारखेला तिथले फोन बंद झाले, मोबाइल, लँडलाइन, सगळंच. बातम्यांत काय चाललंय ते सगळ्या देशाला माहीत होतं, मला एवढंच माहीत होतं की ह्यांचा फोन लागत नाही. आणि त्याच आठवड्यात माझ्या माहेरी कृष्णेनं पात्र सोडलं. सांगली-कोल्हापूरला जो पूर आला तो. भावाचा शेवटचा मेसेज आला होता, ‘गोठ्यात पाणी आलंय, जनावरं सोडतोय’, आणि त्याचाही फोन गेला. नवरा एकीकडं, माहेर एकीकडं, दोन्हीकडं ‘आप जिस नंबर से संपर्क करना चाहते हैं’. मी पोरींना जेवायला वाढायचे आणि ताट तसंच घेऊन बसायचे.

तिसऱ्या रात्री दार वाजलं. आमच्या सुभेदार मेजर साहेबांच्या मेमसाब. गढवालच्या, पन्नाशीच्या, फार बोलणाऱ्या नाहीत. गादीच्या खुर्चीवर पहिल्या जागी बसायच्या म्हणून आम्ही त्यांना जरा बिचकूनच होतो. हातात डबा. म्हणाल्या, ‘चल, जूते पहन.’ मला स्वतः रिअरच्या टेलिफोन एक्सचेंजवर घेऊन गेल्या. ड्युटीवरच्या पोराला म्हणाल्या, लाइन लागेल तेव्हा लाव, आम्ही बसतो. रात्री पावणेदोनला लागली. अर्धा मिनिट. ह्यांचा आवाज, खरखर, ‘मी ठीक आहे, तिकडं पाणी किती आहे?’ बस. परत येताना त्या म्हणाल्या की २०१३ ला केदारनाथचा पूर आला तेव्हा त्यांच्या माहेरचा फोन नऊ दिवस लागला नव्हता. ‘किसी ने पूछा नहीं था,’ एवढंच म्हणाल्या. पुढं आठ दिवस, माझ्या भावाचा फोन लागेपर्यंत, त्या रोज संध्याकाळी यायच्या. माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसायच्या, गवार मोडायच्या. काही विचारायच्या नाहीत.

ह्या आठ दिवसांची नोंद कुठल्याही रोलवर नाही.

साहेब, मॅडम, मला कळतं की फौज अशा एका बाईच्या भरवशावर चालत नाही. ती बदली होऊन गेली की सगळं संपलं. म्हणूनच व्यवस्था लागते. पण व्यवस्था उभी करताना ती ह्या मेमसाबसारखी करायची की नॉमिनल रोलसारखी, हे ठरवणं तुमच्या हातात असतं.

आता जवानांचं लिहिते, कारण ते स्वतः लिहिणार नाहीत.

काश्मीरहून परत आल्यावर हे झोपत नव्हते. म्हणजे झोपायचे, पण पंख्याची दोरी हलली तरी उठून बसायचे. दिवाळीत पोरींना फटाके आणू दिले नाहीत. मी म्हटलं, एमआय रूमला जा, झोपेचं काहीतरी विचार. हे म्हणाले, ‘एस खराब करू का?’ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फौजेत तब्येतीचं मोजमाप ‘शेप’मध्ये करतात. एस म्हणजे मन, एच म्हणजे कान, ए हातपाय, पी बाकीचं शरीर, ई डोळे. पाचही ठीक म्हणजे ‘शेप वन’. एखादं अक्षर घसरलं की लो मेडिकल कॅटेगरी. गुडघा गेला, ए घसरला, तर लोक म्हणतात बिचारा, ड्युटीवर लागलं. एस घसरला तर सगळ्यात आधी हत्यार हातातून जातं. ते बरोबरही आहे, मला त्याचं कारण समजतं. पण बरोबर असलं तरी ज्या माणसाच्या हातातून रायफल काढून घेतली तो लंगरमध्ये कुणाच्या शेजारी बसणार? शिवाय मनाच्या डॉक्टरकडं पाठवायचं तर युनिटकडून सीओ साहेबांच्या मताचा फॉर्म सोबत जातो. म्हणजे ‘मला झोप लागत नाही’ हे वाक्य डॉक्टरच्या कानात जाण्याआधी ऑफिसात टाईप होतं. बढतीचा बोर्ड पुढच्या वर्षी असेल तर कोण बोलेल? आमचे हे बोलले नाहीत. गच्चीवर फेऱ्या मारून मारून दीड वर्षात जरा ठीक झाले. झाले असं मी म्हणते. पंख्याची दोरी मी तेव्हाच कापून टाकली होती, ती अजून तशीच आहे.

सरकारनं जुलै २०२२ मध्ये राज्यसभेत सांगितलं होतं की मागच्या पाच वर्षांत तिन्ही दलांतल्या ८१९ जणांनी आत्महत्या केली, त्यात भूदलाचे ६४२. मी त्या आकड्यावर भाष्य करायला तज्ज्ञ नाही. मी फक्त असं धरते की त्या ६४२ जणांतले बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या सैनिक संमेलनात ‘किसी को कोई तकलीफ?’ ह्या प्रश्नाला ‘नहीं साब’ म्हणाले असतील.

शरीराच्या जखमेचं आपल्या फौजेला किती समजतं हे बघायचं तर पुण्याला खडकीत जाऊन यावं. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ पासून आहे, पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांना हुन्नर शिकवायला निघालेलं. जवळच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, १९७४ चं, कमरेखालचं अंग गेलेल्या जवानांसाठी. तिथं माणसं व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात, तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. आमच्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर घ्या. १९६५ च्या युद्धात अंगात गोळ्या लागल्या, कमरेपासून खालचं अंग गेलं. उभारीसाठी म्हणून पोहायला लागले आणि १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गला पॅरालिम्पिकचं सुवर्णपदक घेऊन आले. भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. आमच्या तालुक्यात त्यांचं नाव पोरं पाठ करतात. पेटकरांना कुणी विचारलं नाही की ‘तुझा ए का खराब झाला?’ जखम दिसली, सगळ्यांनी टोपी काढली. ज्याची जखम दिसत नाही त्याला खडकी कुठं आहे?

एक सुरुवात झालीय, तीही पुण्यातच. १ डिसेंबर २०२३ ला एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, सैन्यदलांसाठी टेली-मानसचा वेगळा कक्ष सुरू झाला. टेली-मानस म्हणजे सरकारची फोनवरची सोय, १४४१६ हा नंबर, फुकट, दिवसरात्र, आपल्या भाषेत बोलता येतं. मला हे कसं कळलं? पेन्शनला आल्यावर, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात. ज्या स्टेशनात आम्ही शेवटची दोन वर्षं काढली तिथं मी तो नंबर एकदाच पाहिला, एका ऑफिसच्या आतल्या बोर्डावर, इंग्रजीत, ‘पाणी जपून वापरा’च्या खाली. त्या ऑफिसात फॅमिलींना जायची वेळ कधी येत नाही. तो नंबर कॅन्टीनच्या बिलावर छापा, दूध-केंद्राच्या भिंतीवर रंगवा, बाळंतिणीच्या डिस्चार्ज कार्डवर शिक्का मारा. आणि फक्त इंग्रजी-हिंदीत नको. ज्या ब्लॉकमध्ये तमिळ फॅमिली आहे तिथं तमिळमध्ये, मिझो आहे तिथं मिझोत. प्रत्येक युनिटमध्ये एकतरी जवान ती चार वाक्यं लिहून देईल. बडाखान्याचं आमंत्रण लिहून घेता तसं.

पण नंबर लावून तुमचं काम संपलं असं समजू नका, कारण फोन करायला आधी विश्वास लागतो की हे वर जाणार नाही. माझी खरी मागणी तिथं आहे. स्टेशनातल्या काउन्सेलरला कुणीही विचारू नये की काल कोण आलं होतं. सीओ साहेबांनी नाही, मॅडमनी नाही, सुभेदार मेजर साहेबांनीही नाही. जीव धोक्यात असेल तर काउन्सेलर स्वतः सांगेल, ते तिच्या धंद्यातच शिकवतात. बाकी वेळी ती जागा देवळाच्या गाभाऱ्यासारखी असू द्या. ती जागा वेल्फेअर सेंटरमध्ये नको, तिथं आत जाणारा प्रत्येक जण चार डोळ्यांना दिसतो. शाळेत द्या, हॉस्पिटलात डोळे-कान तपासतात त्याच लाइनीतली एक खोली द्या, जिथं जायला कुणालाही दहा कारणं असतात. काउन्सेलर कुणाची फॅमिली नसावी. आणि दुभाषा लागला तर तो फोनवरचा, दूरचा. त्या क्लार्कच्या फॅमिलीनं मुद्दाम केलं असं मला आजही वाटत नाही. तीही बावीस-तेवीसची असेल. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की आत ऐकलेलं बाहेर न्यायचं नसतं. तिच्याकडून आम्ही सगळ्यांनी मिळून ते काम फुकट करून घेतलं आणि नंतर तिलाच चुगलखोर म्हटलं.

हजेरी बंद करा, हे मी शेवटी लिहायचं ठरवलं होतं, पण राहवत नाही. एक महिना करून बघा. रोल नको, फोन नको, नवऱ्याला विचारणं नको. पहिल्या गुरुवारी दहा जणी येतील. त्या दहा जणी का आल्या ते बघा. कदाचित शिवण शिकायला, कदाचित नुसतं घरातून बाहेर पडायला. त्यांना जे हवंय ते करा. खुर्च्या गोल मांडा, सोफा नको. मॅडम, तुम्हीसुद्धा त्या सोफ्यावर कंटाळता, आम्ही मागून बघत होतो. तुम्हालाही नवरा फील्डला गेल्यावर रात्री झोप लागत नाही हे आम्हाला ठाऊक असतं, कारण तुमच्या घरी काम करणाऱ्या भाभी आमच्याच ब्लॉकला राहतात. तुमची बातमीही दुधाच्या रांगेत येते.

अग्निवीरांचं एक राहतंय. २०२२ पासून ही पोरं येतायत, चार वर्षांसाठी, अविवाहित. जुन्या जवानाला वर्षाला ६० दिवस सुट्टी आणि वर ३० कॅज्युअल, ह्यांना सगळी मिळून ३०. ह्यांना ‘फॅमिली’च नाही, म्हणून वेल्फेअरच्या वहीत ही पोरं कुठंच नाहीत. आमच्या वाडीतला एक पोरगा गेलाय. त्याची आई मला विचारते, ‘ताई, तिकडं त्याचं कोण बघतं?’ चौघांतला एकच पुढं राहणार हे त्या पोराला रोज माहीत असतं, आणि त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपणारा मित्रच त्याचा स्पर्धक. त्या आईला मी काय सांगू ते तुम्ही सांगा.

क्वार्टरचं लांबवत नाही. नवरा फील्डला निघाला की त्याच महिन्यात बाईनं घर रिकामं करायचं, एसएफची, म्हणजे नवरा फील्डला असताना फॅमिलीला मिळणाऱ्या क्वार्टरची, यादी लांबलेली, पोरांच्या परीक्षा आलेल्या, आणि नळ गळतो म्हणून दुरुस्ती बघणाऱ्या एमईएसच्या रजिस्टरात तिसऱ्यांदा लिहिलेलं. तणावमुक्त जीवनाच्या लेक्चरपेक्षा एक प्लंबर वेळेवर आला तर जास्त गुण येतो, हे माझं प्रामाणिक मत आहे.

ती मदुराईची मुलगी आता दुसऱ्या स्टेशनात आहे. बाळ शाळेत जातं. तिला हिंदी आता माझ्याहून चांगलं येतं. मागच्या महिन्यात तिचा व्हिडीओ कॉल आला, मागं दोरीवर कपडे होते, मी आधी तेच बघितले. वाळलेले होते. ‘कशी आहेस’ म्हटलं तर ‘ठीक’ म्हणाली. मी म्हटलं, ठीक नको सांगू, नीट सांग. ती हसली, बोलायला लागली, दोन वाक्यं झाली असतील, तेवढ्यात बाहेरून कुणीतरी हाक मारली. ‘भाभी, बाद में करती हूँ,’ म्हणाली, ‘आज बुधवार है.’

आपली,
एका निवृत्त हवालदाराची फॅमिली
तालुका वाळवा, जिल्हा सांगली